किल्ल्यातली बाग आणि डब्यातली तुळस



मोर्चे, संप आणि वेतनकरार यांत आयुष्य काढलेल्या माणसाने बागेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझ्या एका सहकाऱ्याने तर मला स्पष्टच विचारले, "कामगाराच्या पोटाचा प्रश्न सुटला काय, म्हणून तुम्ही आता फुलांकडे वळलात?" प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन मला पुढे जाता येणार नाही. तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे असेच आपण समजावे.

मी शाळा फार शिकलेला नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. त्या वाचनात एक गोष्ट मला पुनःपुन्हा भेटत राहिली. ती अशी की, आपल्या या नगरच्या इतिहासात बाग ही कडेची शोभा नाही. बाग आधी आहे, शहर नंतर आहे.

२८ मे १४९० रोजी मलिक अहमद याने बहामनी फौजेचा पराभव केला. ज्या जागी हा विजय मिळाला तेथे त्याने एक बाग केली आणि बागेत राहण्यासाठी वाडा बांधला. तिला बाग निजाम म्हणत. त्या लढाईलाच पुढे 'बागेची लढाई' असे नाव पडले. पुढे चार वर्षांनी, १४९४ साली, या बागेच्या शेजारी शहराची आखणी सुरू झाली. हेच आपले अहमदनगर, ज्याला २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणतात. आणि आज आपण ज्याला भुईकोट किल्ला म्हणतो तोही या बागेच्याच जागी उभा राहिला. हुसेन निजामशहाने १५५९ नंतर त्याला दगडी तट घातला, भोवती खंदक केला. म्हणजे फुलांच्या ताटव्याभोवती आधी भिंत आली, भिंतीचा तट झाला, आणि तटावर तोफा चढल्या.

निजामशहांनी एवढ्यावर थांबविले नाही. सावेडीच्या बाजूला त्यांनी हश्त बिहिश्त बाग केली. हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्ग. तळ्याच्या मध्यभागी आठ कोनांची इमारत आणि सभोवती झाडी. शहराच्या आग्नेयेस फराहबाग झाली, तिचे बांधकाम १५८३ मध्ये पुरे झाले. सीनेच्या काठी बाग रोझा आहे. अहमद निजामशहाची कबर तेथे आहे आणि तिच्याही नावात बाग आहेच.

आता आपण नगरकर आहोत. या मुलखात पाऊस किती पडतो हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. मग तळ्यात इमारती बांधण्याइतके पाणी आले कोठून? ते आले खापराच्या नळांतून. कापूरवाडी, वडगाव, भिंगार या बाजूंच्या विहिरींतून आणि झऱ्यांतून, जमिनीच्या पोटातून, उताराचा अचूक हिशेब करून पाणी शहरात आणि बागांत आणले होते. ना पंप, ना वीज. पाणी आपल्या वजनाने वाहत येई. आजही नगरच्या आसपास खोदकाम करताना या नळांचे तुकडे हाती लागतात.

हे वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. या बागा कोणी केल्या, याचे उत्तर इतिहासात सुलतानांच्या आणि वजिरांच्या नावाने मिळते. पण नळाचे खापर भाजणारा कुंभार कोण होता? चर खणणारा कोण होता? चैत्र-वैशाखात आळ्यांत पाणी फिरविणारा माळी कोण होता? त्यांची नावे कोठेही नाहीत. ज्याने हुकूम दिला तो लक्षात राहिला, ज्याने कुदळ मारली तो राहिला नाही. कामगाराच्या इतिहासाची ही जुनीच रीत आहे.

क्वचित एखादे नाव या रीतीतून निसटते. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याचा व्यवसाय त्यांच्याकडे आला आणि त्यावरून फुले हे आडनाव पडले. त्याहून कितीतरी आधी अरणच्या सावता माळ्याने आपल्या भाजीच्या वाफ्यालाच पंढरी मानले, आणि समाजाने त्याला संत म्हणून मानले. पण ही नावे बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे सारे मातीत मिसळून गेले.

बाग निजामची जागा यानंतर बाग राहिली नाही. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध हा किल्ला लढविला. १६०० मध्ये तो पडला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये तो इंग्रज सेनापती वेलस्ली याने घेतला, आणि पुढे लष्कराच्या उपयोगाबरोबरच कैदी ठेवण्यासाठीही तो वापरला जाऊ लागला. राजवाडे पडले, त्यांचा राडारोडा जमिनीत गाडला गेला, त्यावर बराकी उभ्या राहिल्या. अशा रीतीने साडेचारशे वर्षे गेली.

आणि मग ९ ऑगस्ट १९४२ चा दिवस उजाडला. आदल्या रात्री मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला होता. पहाटे धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना गाडीने नगरला आणून किल्ल्यात बंद करण्यात आले. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, आपले शंकरराव देव आणि इतर, अशी ही मंडळी होती. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. पहिले काही आठवडे वर्तमानपत्र नाही, घरचे पत्र नाही. बाहेर देशात काय पेटले आहे याचा आत पत्ता नाही.

या माणसांनी तेथे काय केले? ग्रंथ वाचले, लिहिले, वाद घातले, हे आपण ऐकून आहोत. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. त्यांनी अंगणात बाग केली.

नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हे सांगितले आहे. इतर सोबत्यांप्रमाणे आपणही बागकामाला लागलो, आणि उन्हातसुद्धा तासन्‌तास खणून फुलांसाठी वाफे तयार करीत असतो, असे ते लिहितात. जमीन अगदी निकस होती. दगडगोटे, जुन्या बांधकामांचे तुकडे, पडक्या इमारतींचे अवशेष यांनी ती भरलेली होती. खणता खणता जुन्या भिंती आणि गाडल्या गेलेल्या इमारतींचे माथे लागले. फार खोल खणायला तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची अनुमती नव्हती. कैद्याच्या हातातली कुदळ किती खोल जाते याची काळजी प्रत्येक सरकारला असते! पण तेवढ्या खणण्यातही एका जुन्या भिंतीवर नाजूक कोरलेले एक कमळ त्यांना सापडले.

फुलांचे वाफे करण्यासाठी जमीन खणावी आणि जमिनीखाली शेकडो वर्षांपूर्वीच्या कोणा पाथरवटाने कोरलेले फूल निघावे! या पाथरवटाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याचे काम सुलतानाच्या राज्यापेक्षा जास्त टिकले. आणि हे सारे घडले त्याच भूमीत, जेथे १४९० मध्ये बाग निजाम झाली होती. निजामशाहीची पहिली बाग आणि राजबंद्यांची बाग या एकाच जमिनीच्या दोन बागा आहेत. फरक एवढाच की, पहिल्या बागेत खणणारा एक आणि उपभोगणारा दुसरा होता. दुसऱ्या बागेत खणणारा आणि पाहणारा एकच होता.

याच ठिकाणी नेहरूंनी देहरादून तुरुंगातली एक आठवण सांगितली आहे. तेथेही ते असेच खणत असताना जुन्या खांबांचे अवशेष लागले, आणि चौकशी करता ते पूर्वीच्या फाशीच्या जागेचे निघाले. ते उखडून काढताना त्यांना आनंद झाला. फासाच्या खुंटाच्या जागी फुलझाड लावणे, यापेक्षा स्वातंत्र्याची साधी व्याख्या मला तरी माहीत नाही.

मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात आपल्या एका मित्राला उद्देशून पत्रे लिहीत. ती पाठविण्याची सोय नव्हती. १९४६ साली ती 'गुबारे खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत चहाविषयी आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी आहे, आणि अंगणातल्या फुलांविषयीही आहे. हे लिहिणाऱ्या माणसाची पत्नी १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास वारली, आणि तिच्या अखेरच्या आजारात त्याला तिच्याजवळ जाता आले नाही. बाग हे दुःखावरचे औषध आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्या हातातून सारे काही काढून घेतले आहे, त्याला उद्या सकाळी उठून पाहावयाचे असे काहीतरी असणे, ही लहान गोष्ट नव्हे. आज आळ्यात पाणी घातले तर चार दिवसांनी कोंब दिसेल, एवढा एक शब्द जमीन कैद्याला देते, आणि जमीन आपला शब्द बहुधा पाळते. सरकारे पाळतातच असे नाही.

आता माझ्या सहकाऱ्याचा प्रश्न येथे अधिक धारदार होऊन उभा राहतो. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी नगरच्या किल्ल्यात फुले उमलत होती. हे योग्य झाले काय? नेहरूंच्या मनालाही ही टोचणी होती, असे त्यांचे ते पहिले प्रकरण वाचणाऱ्याला दिसून येईल. त्यात बागेच्या पाठोपाठ दुष्काळच येतो. माझे म्हणणे असे आहे की, बंगालमध्ये माणसे मेली ती कोणी फुले लावली म्हणून नव्हे. ती मेली युद्धाच्या धोरणांमुळे, साठेबाजीमुळे, भाव भडकल्यामुळे आणि गरिबाच्या जिवाची किंमत शून्य धरणाऱ्या कारभारामुळे. ज्यांना कारभार सुधारता आला असता त्यांना तुरुंगात घातले होते. फुलाला दुष्काळाचा आरोपी करणे म्हणजे खऱ्या आरोपीला सोडून देणे होय.

येथे मला एका परदेशी बाईची आठवण करून द्यावीशी वाटते. रोझा लुक्झेंबुर्ग हे नाव कामगार चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. तिच्याएवढी कडवी क्रांतिकारक विरळा. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून तिला कैदेत टाकले. १९१६-१७ मध्ये व्रोंके येथील कैदेत तिला थोडी जागा मिळाली, तेथे ती झाडे जोपासत असे. पाने-फुले वाळवून, वहीत चिकटवून, त्यांची नावे लिहून ठेवण्याचा तिचा छंद तुरुंगातही सुटला नाही. १९१९ च्या जानेवारीत तिचा खून झाला. त्या वह्या मागे राहिल्या. फुलांवर प्रेम केले म्हणून तिचा लढा मवाळ झाला, असे तिच्या शत्रूंनीसुद्धा कधी म्हटले नाही.

पण नेते आणि सुलतान यांच्या बागा पुरे झाल्या. सामान्य कामकऱ्याला बाग का मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे. झाडाला तीन गोष्टी लागतात: माती, पाणी, आणि त्याच्याजवळ घालविण्यासाठी वेळ. या तिन्ही गोष्टी कामगाराला कोणी दान दिलेल्या नाहीत.

वेळेचेच घ्या. मुंबईच्या गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी सकाळी चहाचा पेला घेऊन कुंडीतली माती हलवितो ना, तो रविवार लोखंड्यांनी मिळविलेला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या तासांच्या बाहेर जे आयुष्य उरते, त्यातच बाग, गाणे, वाचन, लेकरांशी खेळणे हे सारे येते. ज्याचे हे उरलेले तास कंत्राटी पाळ्यांनी खाल्ले, त्याची बाग आधी सुकते आणि मग तो.

पाण्याचे तसेच. आपल्या जिल्ह्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. कालव्याखाली ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, १९५० मध्ये प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी कारखानाही उभा राहिला. आज नगर शहराला मुळा धरणाचे पाणी येते. पण १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या बायकांना विचारा. भांडी घासलेले पाणी त्या सांडू देत नसत. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला, मोरीचे पाणी अळूला आणि कर्दळीला. आमच्या मुलखातली परसबाग ही मोरीच्या तोंडाशी जन्मली. निजामशहाच्या नळाइतकीच तीही पाण्याच्या हिशेबाची विद्या आहे. तिच्यावर ग्रंथ नाही, एवढेच.

राहिली माती. नगरमध्ये विडी वळणाऱ्या बायकांची मोठी संख्या. त्यांतील पुष्कळजणी तेलंगणातून येथे आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरच्या. त्यांच्या मूळ मुलखात बतुकम्मा नावाचा सण आहे, ज्यात फुलेच रचून त्यांची देवी करतात. या बायकांच्या खोल्यांसमोर अंगण म्हणावे असे काही नसते. मग पत्र्याचा डबा येतो, फुटका माठ येतो, रंगाची रिकामी बादली येते. तीत तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा, कोरफड. दारात सदाफुली आणि गुलबक्षी. तेंदूपानाची कात्रण झाडाच्या मुळाशी जाते. मावा पडला तर तंबाखूचे पाणी शिंपडतात. मुलाला खोकला झाला की तुळशीची पाने आणि गवती चहा उकळतो. संध्याकाळी गुलबक्षी उमलली की विड्यांची टोपली आवरायची, असा घड्याळाचा हिशेबही तिच्यावर चालतो. दिवसभर मान खाली घालून हजार विड्या वळणारी बाई ज्या एका क्षणी मान वर करते, तो हा क्षण.

आणि या डब्यात किती इतिहास भरला आहे पाहा. गुलबक्षी, झेंडू आणि हिरवी मिरची ही सारी अमेरिका खंडातून आलेली आहेत. कोलंबस समुद्रावर निघाला १४९२ मध्ये. म्हणजे १४९० साली अहमद निजामशहाने आपली बाग केली, तेव्हा त्याच्या पदरी किती का माळी असेनात, त्याला झेंडूचे एक फूल मिळणे शक्य नव्हते! सुलतानाच्या बागेत जे नव्हते ते आज विडीवालीच्या डब्यात आहे. सदाफुली मादागास्करची. १९५० नंतरच्या दशकात तिच्या पानांतून कर्करोगावर उपयोगी पडणारे द्रव्य सापडले. आपण तिला स्मशानातले, उकिरड्यावरचे फूल म्हणून नाक मुरडीत होतो. सबजा मात्र येथे पूर्वीपासूनचा. औरंगजेब बादशहा १७०७ मध्ये आपल्या नगरजवळच मेला. खुलताबादेस त्याची कबर आहे, साधी, उघडी, आणि तिच्यावरच्या मातीत सबजाचे रोप असते. आलमगीर म्हणविणाऱ्या बादशहाच्या वाट्याला शेवटी तेवढीच माती आली, जेवढी विडीवालीच्या डब्यापेक्षा थोडीच जास्त भरेल.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कामगार वसाहतीत व्यवस्थापनाने घरांपुढच्या मोकळ्या पट्ट्या स्वच्छतेच्या नावाखाली फरशी घालून बंद केल्या. बायकांनी लावलेली कढीपत्त्याची आणि जास्वंदीची झाडे उपटली गेली. आम्ही मागणीपत्र तयार करीत होतो. बोनस, महागाई भत्ता, हजेरीपुस्तक ही कलमे झाली. तेव्हा बायका म्हणाल्या, "दादा, आमची माती लिहा." समितीतले काहीजण हसले. पण कलम लिहिले गेले: प्रत्येक घरापुढे दोन हात माती मोकळी असावी आणि दर ओळीला एक नळ असावा. वाटाघाटीत नळ मिळाला, माती मिळाली नाही. त्या बायकांनी मग त्याच फरशीवर डबे मांडले, नव्या नळाचे पाणी घातले आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती ओळ पुन्हा हिरवी केली. माझ्या कामगार आयुष्यात मी पुष्कळ तडजोडी पाहिल्या. एवढी जिवंत तडजोड दुसरी पाहिली नाही.

तेव्हा माझ्या सहकाऱ्याला माझे उत्तर असे आहे. पोटाचा प्रश्न सुटला नाही, हे खरेच आहे. तो सुटेपर्यंत आपण लढूच. पण आपण ज्याच्यासाठी लढतो ते आयुष्य कसले, याचा नमुना कोठेतरी डोळ्यांपुढे हवा. नाहीतर मजुरी वाढते आणि माणूस तेवढाच राहतो. दिवसाचे आठ तास मालकाचे असतील, पण सकाळी पाच मिनिटे झारी घेऊन उभे राहणाऱ्या माणसाला, या जगात एक गोष्ट माझ्या हाताने, माझ्या इच्छेने आणि कोणाच्या हुकुमावाचून वाढते आहे, असे कळते. ज्याला हे एकदा कळले त्याला गुलाम करणे अवघड असते.

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने नगरपालिकांवर अशी जबाबदारी टाकली की, कामकऱ्यांनी मागणी केली तर त्यांना भाजीपाला लावण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने द्यावे. आपल्याकडे राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. हेक्टरांच्या शेतीचे ज्ञान तेथे आहे, आणि ते हवेच. पण दोन हात मातीचे राजकारण कोणीतरी करावयास हवे. गृहयोजनांचे नकाशे मंजूर होतात तेव्हा मोटारी उभ्या करण्याची जागा मोजून दाखविली जाते. मातीची जागाही तशीच मोजून दाखविली पाहिजे, ही मागणी आपण नगरकरांनी केली तर ती कोणालाही अप्रस्तुत वाटू नये. ज्या शहराचा जन्म बागेच्या कुशीत झाला, त्या शहरातल्या कामकऱ्याला तुळस लावण्यासाठी डबा शोधावा लागतो, हीच खरी अप्रस्तुत गोष्ट आहे.

येत्या वर्षी आमच्या मागणीपत्रात हे कलम पुन्हा असेल. या वेळी त्यावर समितीतले कोणी हसणार नाही, अशी माझी खात्री आहे.